ग्वाल्हेरच्या थंडीसाठी लाकूड फोडताना: कुऱ्हाड कोणती, घाव कुठे

लग्न होऊन ठाण्याहून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात आले, तेव्हा मी कुऱ्हाड हातात धरलेली नव्हती. पहिल्याच डिसेंबरात कळलं की इथे पारा तीन-चार अंशांपर्यंत उतरतो, नळाचं पाणी बोटांना झोंबतं आणि नऊ माणसांच्या आंघोळी तांब्याच्या बंबावर चालतात. लाकडं सासरे, म्हणजे अण्णा, फोडायचे. तिसऱ्या हिवाळ्यात अण्णांचा खांदा धरला आणि कुऱ्हाड माझ्याकडे आली. त्याला आता बावीस वर्षं झाली.

बदलीने किंवा लग्नाने ग्वाल्हेरला आलेली मराठी मंडळी मला दर हिवाळ्यात विचारतात, "कुऱ्हाड कोणती घेऊ?" काहींना आजोबांच्या वाड्यातला बंब पुन्हा पेटवायचा असतो, काहींना अंगणात शेकोटी हवी असते. कुऱ्हाडीचा प्रश्न खरं तर नंतरचा. आधी माप ठरतं, लाकूड ठरतं, मग अवजार. उलट्या क्रमाने गेलं की पैसे जातात आणि पाठही जाते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. झाड तोडणं आणि लाकूड फोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. तोडताना पातं लाकडाच्या रेषा आडव्या कापतं, म्हणून ते पातळ आणि धारदार लागतं. फोडताना काही कापायचं नसतं. रेषांच्या मधे शिरून त्यांना बाजूला रेटायचं असतं, म्हणजे पाचरीचं काम. पातळ पात्याची कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते आणि नवखा माणूस समजतो की आपल्या अंगात जोर नाही.

१. आधी माप घ्या

लाकूड कशासाठी हवंय, त्यावर तुकड्याचं माप ठरतं.

बंबाच्या मधली नळी अरुंद असते आणि लाकूड वरून टाकायचं असतं. त्याला वीतभर लांब आणि दोन बोटं जाड ढलप्या लागतात. घरातल्या बंबाच्या नळीचं तोंड पट्टीने मोजा आणि ते माप लिहून ठेवा. चुलीला फूट-दीड फूट लांबीचे, मनगटाएवढे जाड ढलपे चालतात, कारण ते पुढे सारता येतात. अंगणातल्या शेकोटीला फूटभर लांबीचे, त्याहून थोडे जाड.

इथे लाकडाच्या वखारीला सगळे टाल म्हणतात आणि लाकूड क्विंटलवर मिळतं. टालवाल्याला वजन होण्याआधीच आपलं माप सांगा, उदाहरणार्थ, "भैया, एक-एक फुट के टुकड़े काट दो." कापून देण्याचे थोडे पैसे घेतात, ते आनंदाने द्या. करवतीने घरी आडवं कापणं हेच सगळ्यात कष्टाचं काम आहे. शिवाय तुकडा जितका आखूड, तितका तो सोपा फुटतो. फूटभराचा ओंडका दोन घावांत उघडतो, तोच अडीच फुटांचा असला तर दुपार खातो.

२. लाकूड ओळखा

टालवर "मिक्स" म्हणून जे देतात त्यात काय काय आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

बाभूळ सगळ्यात भरवशाची. जड, निखारा टिकणारी. ओली असताना बऱ्यापैकी फुटते, वाळली की दगड होते. विलायती बाभूळ चंबळच्या बेहडांमध्ये, म्हणजे नदीकाठच्या घळींमध्ये, माजलेली आहे आणि आपल्याकडे ती भरपूर येते. जळायला फार चांगली, पण काटे असतात आणि खोडं वाकडी. तिचे सरळ तुकडे निवडून मागा.

निलगिरी, इथल्या भाषेत सफेदा, दिसायला सरळसोट असते पण आत रेषांना पीळ असतो. ती ताजी असतानाच फोडावी. वाळल्यावर तिच्याशी झटापट होते. आंबा हलका, फोडायला सोपा, धूर जरा जास्त. शिकायला आंब्यापासून सुरुवात करा. कडुनिंब आणि शिसम यांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या असतात. फुटतात, पण कडेकडेने.

चिंच मात्र घेऊच नका. खाटीक मांस तोडायला चिंचेचा ठोकळा वापरतात, तो ती फुटत नाही म्हणूनच. तुमच्याकडे चिंचेचा बुंधा आलाच, तर तो लाकूड फोडायचा ठोकळा म्हणून ठेवा. माझा ठोकळा तोच आहे आणि अण्णांच्या वेळेपासून आहे.

आणखी दोन इशारे. कण्हेरीच्या फांद्या बंगल्यांच्या कुंपणावरून छाटल्या जातात आणि फुकट मिळतात. कण्हेर विषारी आहे, तिचा धूरही विषारी. ती जळणात येऊ देऊ नका. रंग लावलेलं लाकूड, प्लायवूड, जुन्या दारांचे तुकडे हेही नकोत. बंबाचा धूर थेट आपल्या नाकाशी असतो.

३. घरचं झाड असेल तर

अंगणातलं झाड आपलं, म्हणून ते आपल्या मर्जीने तोडता येत नाही. मध्य प्रदेशात शहरांतल्या झाडांसाठी २००१ चा वृक्ष परिरक्षण कायदा आहे आणि झाड पाडायला परवानगी लागते. नगर निगमकडे अर्ज करताना घराच्या मालकीचा कागद, ओळखपत्र, झाडाचे फोटो आणि कारण (धोकादायक झुकलंय, भिंतीत मुळं गेली आहेत वगैरे) जवळ ठेवा. वादळात पडलेल्या झाडाचाही जागेवरचा फोटो काढा, मग हात लावा. टालवरून लाकूड आणलंत तर पावती मागून घ्या आणि हिवाळाभर जपा.

४. अवजारं

सगळी एकदम घेऊ नका. मी ज्या क्रमाने लिहिते आहे त्या क्रमाने घ्या.

- कोयता आणि लाकडी मोगरी: बंबाच्या ढलप्यांसाठी
- जाड पात्याची फोडायची कुऱ्हाड: ओंडक्यांसाठी
- लोखंडी पाचर (शक्यतो दोन) आणि घण: हट्टी ओंडक्यांसाठी
- ठोकळा आणि जुना टायर
- डोळ्यांना गॉगल, पायांत बंद जाड बूट
- कानस आणि धारेचा दगड

कुऱ्हाडीबद्दल जरा सविस्तर. दुकानात टांगलेली कुऱ्हाड बहुधा तोडायची असते, पातं पातळ. तुम्हाला हवी ती पात्याच्या मागे एकदम जाड होत जाणारी, पाचरीच्या आकाराची. डोक्याचं वजन अडीच ते तीन किलो, दांडा पाऊण मीटरच्या थोडा पुढे. बाईमाणसाने किंवा हलक्या अंगाच्या माणसाने दोन किलोपासून सुरुवात करावी. मी सव्वादोन किलोची वापरते. जड कुऱ्हाड जास्त फोडते हे खरं, पण दहाव्या घावानंतर ती नेमकी जागी पडेनाशी होते, आणि नेम चुकलेला जड घाव हलक्या घावापेक्षा घातक.

शहरात रस्त्याकडेला गाडिया लोहारांची, म्हणजे भटक्या लोहारांची, पालं असतात. त्यांच्याकडे जाऊन सांगा, "लकड़ी फाड़ने वाली, मोटी." ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून घडवलेलं पातं मागा, ते पोलाद चांगलं असतं. तिथेच उभं राहून बघा. ज्या भोकात दांडा बसतो ते सरळ आहे का? दांड्याच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहिलं तर पातं दांड्याच्या रेषेत दिसतं का? तिरकं दिसलं तर घेऊ नका, प्रत्येक घाव तिरका पडेल.

दांडा धावड्याचा मिळाला तर उत्तम, नाहीतर बाभळीचा. दांड्याच्या बुडाला लाकडाच्या रेषा दिसतात. त्या पात्याच्या दिशेने धावत असाव्यात, पात्याला आडव्या नकोत. आडव्या रेषांचा दांडा धक्क्याने चिरतो. गाठ असलेला दांडा कितीही गुळगुळीत केलेला असो, परत करा.

दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची, अशी सर्रास रीत आहे. लाकूड फुगतं आणि सकाळी घट्ट वाटतं. दोन दिवसांनी ते वाळतं आणि आधीपेक्षाही सैल होतं. त्याऐवजी दांड्याच्या डोक्यात नवी लाकडी पाचर ठोका आणि वर्षातून एकदा दांड्याला जवसाचं तेल पाजा. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण वेगळ्या अर्थाची आहे, पण सैल दांड्यातून उडालेलं पातं खरोखरच अंगणात खेळणाऱ्या पोरांपर्यंत पोचतं. आमच्या घरी खंडेनवमीला कुऱ्हाड, कोयता, घण असं सगळं पुसून, तेल लावून पूजेत मांडतात. पूजेआधी प्रत्येक दांडा हलवून बघायचा, हा अण्णांचा नियम होता. थंडीच्या तोंडावर तपासणी आपोआप होते.

धारेचं म्हणाल, तर फोडायच्या कुऱ्हाडीला वस्तऱ्याची धार लागत नाही. तोंड बोथट, चेपलेलं नसलं म्हणजे झालं. कानशीने चार हात मारा, पुरे.

५. जागा तयार करा

ठोकळा गुडघ्याच्या थोडा खाली येईल इतका, साधारण फूट-सव्वा फूट उंच असावा. तो मातीवर ठेवा. आपल्याकडच्या वाड्यांत अंगणाला दगडी फरशी असते. तिच्यावर ठोकळा नाचतो आणि चुकलेल्या घावाने पात्याचं तोंड उडतं. डोक्यावर कपडे वाळत घालायची तार, मागे भिंत, बाजूला तुळशीवृंदावन नको. कुऱ्हाड हातात लांब धरून सावकाश एक पूर्ण फेरा घेऊन बघा, कशालाच लागता कामा नये. मुलं आणि कुत्रं घरात.

मफलर, शाल, ओढणी, साडीचा पदर मोकळा ठेवू नका. थंडीत नेमकं हेच अंगावर असतं. मी सलवार-कमीज घालते आणि ओढणी दाराला अडकवते.

६. घाव

माझ्या पहिल्या आठवड्यात मी दणादण घाव घालत होते. अण्णा ओट्यावर बसून पाहत होते. शेवटी म्हणाले, "सूनबाई, आधी बघ, मग मार. लाकूड कुठे फुटायचं ते स्वतः सांगतं."

ओंडक्याचं कापलेलं तोंड वर करून बघा. मधल्या गाभ्यापासून सालीकडे जाणारे बारीक तडे दिसतील. वाळताना लाकूड आकसतं, त्याने ते पडतात. घाव त्या तड्याच्या रेषेत घालायचा. दोन-तीन तडे असतील तर जो कडेपर्यंत पोचलाय तो निवडा. मग ओंडका फिरवून बाजूने बघा. गाठ कुठे आहे, म्हणजे फांदी कुठे फुटली होती? गाठीचं टोक खाली ठेवा आणि घावाची रेषा गाठीच्या बाजूने जाऊ द्या. गाठीवर मारू नका.

ओंडका ठोकळ्याच्या मधोमध ठेवायचा नाही, तुमच्यापासून लांबच्या कडेकडे ठेवायचा. नेम अलीकडे पडला तर पातं ठोकळ्यात शिरतं, तुमच्या पायाकडे येत नाही. घावसुद्धा ओंडक्याच्या तुमच्याकडच्या कडेजवळ घाला. पलीकडच्या कडेवर मारायला गेलात आणि पातं पुढे निसटलं, तर दांडाच ओंडक्यावर आपटतो. नवीन दांडे बहुतेक असेच मोडतात.

उभं राहायचं ते पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही एका रेषेत. हात लांब करून कुऱ्हाड ओंडक्यावर टेकवा. हेच तुमचं अंतर. एक हात दांड्याच्या तळाशी, दुसरा पात्याजवळ. उचलताना वरचा हात पात्याजवळ राहू द्या, खाली आणताना तो घसरत दुसऱ्या हाताला येऊन भेटतो. डोळे मात्र तड्यावरून हलवायचे नाहीत. पात्याकडे पाहिलंत की नेम गेला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घाव पडताना गुडघे वाकवा. उभ्याउभ्या कमरेतून मारलं तर कुऱ्हाड कमानीत फिरते आणि कमानीचा शेवट तुमच्या नडगीवर होतो. गुडघे वाकवून अंग खाली नेलं की पातं सरळ खाली येतं. कुऱ्हाड हाती आल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी कंटाळून ओंडका ठोकळ्याशिवाय, जमिनीवरच ठेवून फोडत होते. गुडघे ताठ होते, पायांत चप्पल होती. कुऱ्हाड सालीवरून घसरली आणि डाव्या नडगीला सात टाके पडले. त्या दिवसापासून ठोकळा नसेल तर मी कुऱ्हाड उचलत नाही, आणि तुम्हीही उचलू नका.

मोठा, मांडीएवढा जाड ओंडका मधून फोडायला जाऊ नका. कडेकडेने सोलत या. एक ढलपा या कडेचा, मग ओंडका फिरवून पुढचा. कांदा जसा पाकळी-पाकळीने सुटतो तसा तो लहान होत जातो. शिसम आणि कडुनिंब याच पद्धतीने फुटतात.

टायरची युक्ती शेजारच्या दादांनी दाखवली. जुना टायर ठोकळ्यावर खिळ्यांनी बसवायचा आणि ओंडका त्याच्या आत उभा करायचा. फुटलेले तुकडे टायरातच उभे राहतात, उडत नाहीत, दर वेळी वाकून गोळा करावे लागत नाहीत. कंबरदुखी असणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवसापासून करावं.

७. बंबाच्या ढलप्या

यासाठी मला कुऱ्हाड लागतच नाही. सर्वात जास्त बोटं इथेच जातात, कारण लोक एका हाताने बारीक लाकूड उभं धरतात आणि दुसऱ्या हाताने हातकुऱ्हाड मारतात. असं कधीही करू नका.

कोयत्याचं पातं ढलप्याच्या डोक्यावर टेकवा. आता कोयता आणि ढलपा दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटा. पातं थोडं रुतलं की ढलप्याचा हात सोडा आणि कोयत्याच्या पाठीवर लाकडी मोगरीने ठोका. दोन-तीन ठोक्यांत चिरतो. वेग नाही, झोका नाही, नेमही लागत नाही. माझी मुलगी बाराव्या वर्षी हे शिकली. मोगरी लाकडाचीच हवी. हातोडीने कोयत्याची पाठ चेपते आणि लोखंडाची कपची उडू शकते.

८. कुऱ्हाड अडकली तर

ओढाताण करू नका. दांड्याचं टोक वर-खाली हलवा, डावीकडे-उजवीकडे नाही. आडवं हलवलं की दांडा भोकापाशी मोडतो. तरीही सुटली नाही तर शेजारी पाचर लावून घणाने ठोका. फट रुंदावते आणि कुऱ्हाड हाताने निघते.

अडकलेल्या कुऱ्हाडीच्या पाठीवर दुसऱ्या कुऱ्हाडीने मारणं किंवा कुऱ्हाडीची पाठ घण म्हणून पाचरीवर वापरणं, ही दोन्ही कामं मी चांगल्या अनुभवी माणसांना करताना पाहिली आहेत. कडक पोलादावर कडक पोलाद आदळलं की कपच्या गोळीसारख्या सुटतात आणि कुऱ्हाडीचं भोकही फाटतं. पाचरीवर फक्त घण. पाचरीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं असेल, तर ती कड लोहाराकडून घासून घ्या. गॉगल यासाठीच आहे, चष्मा पुरत नाही.

चार-पाच घावांत ओंडका बधला नाही तर बाजूला ठेवा. होळीला द्या.

९. केव्हा फोडायचं, कसं वाळवायचं

बहुतेक जण दिवाळीनंतर लाकूड आणतात, डिसेंबरात फोडतात आणि महिनाभर धूर खातात. ताज्या लाकडात वजनाच्या निम्मं पाणी असू शकतं. उष्णता आधी ते पाणी उकळण्यात जाते, मग तुमच्या आंघोळीला उरते. पाणी २० टक्क्यांच्या खाली आलं की जळण नीट पेटतं.

ग्वाल्हेरचा उन्हाळा इथे आपल्या कामी येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओलं लाकूड आणून फोडा. ओलं असताना बहुतेक जाती सोप्या फुटतात, हवा गार असते, घाम कमी येतो. मग एप्रिल ते जूनची ४५ अंशांची कोरडी लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, बारीक ढलपे पावसाआधी खडखडीत करून देते. ओंडका अख्खा ठेवला तर तो दोन उन्हाळ्यांतही आतून ओला राहू शकतो, कारण साल पाणी सोडत नाही. फोडूनच वाळवायचं.

रचताना खाली विटा किंवा दगडी पट्ट्या घाला, नाहीतर वाळवी लागते. भिंतीपासून वीतभर सोडा, म्हणजे वारा मागूनही फिरतो. पावसाळ्यात फक्त वरून पत्रा टाका. चारी बाजूंनी ताडपत्री गुंडाळली की आत वाफ धरते आणि बुरशी येते. पावसाळ्यानंतर ढिगात हात घालण्याआधी काठीने बडवा. विंचू निघतात, कधी सापही.

वाळलंय का हे बघायला दोन ढलपे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वाळलं, बद्द आला तर नाही. खात्री हवी असेल तर एका ढलप्यावर खडूने खूण करून दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. वजन उतरायचं थांबलं की ते जळायला तयार.

१०. पेटवताना

हे लाकूड फोडण्यात येत नाही, पण इथे नवीन असाल तर तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत लोक दार-खिडक्या लावून खोलीत सिगडी ठेवतात आणि झोपतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं वाटतं, आणि झोपेतच माणूस जातो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. बंद न्हाणीघरातल्या बंबालाही हेच लागू आहे. बंब बाहेर पडवीत पेटवा आणि पाणी बादलीने आत न्या. डोकं जड झालं, मळमळलं तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, कारण नंतर शोधा. आणि रात्री सिगडी, निखारे विझलेले वाटत असले तरी, आधी अंगणात नेऊन ठेवा, मग दार लावा.